सरकारी बालवाडीचा आणि बहेनांच्या पगाराचा कायदा मागायचा असेल तर निवेदनात काय लिहावं?

प्रश्न असा आहे: बडोद्यात दांडिया बाजार भागातल्या काही मराठी पालकांना आणि दोन अंगणवाडी बहेनांना मिळून आमदारांना निवेदन द्यायचं आहे. मागणी दोन ओळींची आहे. ३ ते ६ वर्षांच्या प्रत्येक मुलाला सरकारी बालवाडी मिळावी आणि तिथे शिकवणाऱ्यांना धड पगार मिळावा, असा कायदा राज्याने करावा. यात नेमकं काय काय लिहायला हवं?

या दोन ओळी जशाच्या तशा दिल्यात तर उत्तरही दोन ओळींचंच येईल: ‘अंगणवाड्या आहेत, मानद वेतन दिलं जातं.’ दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे पुढे बोलायला जागा उरत नाही. म्हणून आधी आज कायद्यात काय आहे ते बघा आणि त्यातला कुठला शब्द बदलायचा ते ठरवा.

घटनेचं कलम ४५ २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनंतर सांगतं की सहा वर्षं पूर्ण होईपर्यंतच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण यासाठी राज्य प्रयत्न करील. प्रयत्न करील, बस्स. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही. शिक्षणाचा मूलभूत हक्क कलम २१-क मध्ये आहे आणि तो ६ ते १४ वयाचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ११ आहे, तिथे तीन वर्षांवरच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार ‘करू शकेल’ असं म्हटलंय. सगळा घोळ या ‘शकेल’मध्ये आहे. विधी आयोगाने २०१५ च्या २५९ व्या अहवालात हे कलम बंधनकारक करायला सांगितलं होतं. तेव्हा निवेदनातली पहिली मागणी नव्या योजनेची नको. ‘करू शकेल’ऐवजी ‘करील’ एवढीच मागा. शिक्षण १९७६ पासून समवर्ती यादीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, त्यामुळे केंद्राच्या कायद्याला धक्का न लावता जास्तीचा हक्क देणारा कायदा गांधीनगर करू शकतं.

त्या कलमाचा मसुदा साधारण असा लिहा: ‘तीन वर्षं पूर्ण केलेल्या व सहा वर्षं पूर्ण न केलेल्या प्रत्येक बालकास, पालकाने लेखी मागणी केल्यापासून ९० दिवसांच्या आत, राहत्या घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या अंतरात, दररोज किमान चार तासांचं विनामूल्य पूर्वप्राथमिक शिक्षण राज्य शासन उपलब्ध करून देईल.’ यात चार आकडे आहेत: वय, मुदत, अंतर आणि तास. यातला एक जरी गाळला तरी अंमलबजावणीच्या वेळी नेमका तोच सैल सुटतो. नव्वद दिवस हे हवेतून आलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणीनंतर तीन महिन्यांत ती द्यावी असं म्हटलंय. चार तास २०१३ च्या राष्ट्रीय बाल्यावस्था धोरणातल्या ‘तीन ते चार तासां’वरून घेतले आहेत. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिलीसाठी एक किलोमीटर धरतात, पण साडेतीन वर्षांचं मूल एक किलोमीटर चालत नाही. ते कडेवर येतं. गुजरातेत मदतनीस बाईला ‘तेडागर’ म्हणतात ते उगाच नाही, मुलांना तेडून म्हणजे उचलून, बोलावून आणणारी ती. तिने एका सकाळी पंधरा घरं फिरायची असतील तर अर्धा किलोमीटर हीच हद्द आहे.

दुसरी गोष्ट कुठल्याच निवेदनात येत नाही. गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत. त्यामुळे पाच ते सहाची मुलं प्राथमिक शाळेतल्या बालवाटिकेत जातात, ती शिक्षण खात्याची. तीन ते पाचची अंगणवाडीत राहतात, ती महिला व बाल विकास खात्याची. एकाच आवारात नंदघर (अंगणवाडीची इमारत) आणि शाळा असेल तर मधल्या भिंतीच्या अलीकडे मानद वेतन आणि पलीकडे वेतन. कायद्यात फक्त ‘अंगणवाडी’ लिहिलंत तर बालवाटिका सुटेल, फक्त ‘शाळा’ लिहिलंत तर अंगणवाडी. व्याख्येच्या कलमात ‘पूर्वप्राथमिक केंद्र म्हणजे अंगणवाडी, मिनी अंगणवाडी, बालवाटिका आणि महापालिका किंवा पंचायत चालवते ती बालवाडी’ असं एकेक नाव घ्या. कंटाळवाणं दिसतं, दिसू द्या. कज्जे व्याख्येवरच होतात.

आता पगार. इथे सावकाश वाचा, कारण निवेदनं इथेच फसतात.

केंद्राने मानधन शेवटचं वाढवलं ते १ ऑक्टोबर २०१८ पासून: कार्यकर्तीला ४,५०० रुपये, मिनी अंगणवाडीच्या कार्यकर्तीला ३,५००, मदतनीसला २,२५०. या रकमेत केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४०. त्यावर राज्य आपली भर घालतं. गुजरातने २०२२ मध्ये कार्यकर्तीचे १०,००० आणि तेडागरचे ५,५०० केले. आता फोड करून बघा. कार्यकर्तीच्या १०,००० मध्ये केंद्राचे ४,५०० चे साठ टक्के, म्हणजे २,७००. उरलेले ७,३०० राज्याचे. तेडागरच्या ५,५०० मध्ये केंद्राचे १,३५० आणि राज्याचे ४,१५०. म्हणजे कागदावर ६०:४० असलं तरी कार्यकर्तीच्या हातात पडणाऱ्या पैशात केंद्राचा वाटा २७ टक्केच आहे. ‘केंद्राने साठ टक्के द्यायचे असतात’ असं निवेदनात लिहिलंत तर सचिवालयातला पहिला कारकून ते खोडून काढेल.

गुजरात उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एकलपीठाच्या निकालात या बहेनांना नियमित कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने वागवायला सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये खंडपीठाने रक्कमच ठरवून दिली: १ एप्रिल २०२५ पासून कार्यकर्तीला किमान २४,८०० आणि तेडागरला २०,३००. गंमत बघा, दोघींची वाढ सारखीच येते, १४,८०० रुपये. एका अंगणवाडीमागे महिन्याला २९,६००, वर्षाला ३,५५,२००. राज्यात ५३,००० च्या आसपास अंगणवाड्या आहेत, त्या हिशेबाने सुमारे १,८८३ कोटी रुपये वर्षाला. केंद्राने आपला वाटा हलवला नाही तर २४,८०० मध्ये त्याचे तेच २,७०० राहतात, म्हणजे जेमतेम ११ टक्के, आणि बाकी सगळं राज्याच्या तिजोरीवर. हा आकडा लपवू नका. उलट निवेदनाच्या पहिल्याच पानावर टाका. जो मागणारा स्वतःहून खर्च मांडतो त्याचं कागदपत्र वित्त खात्यापर्यंत तरी जातं.

मग कोर्टाने सांगितलंय तर कायदा कशाला? कारण निकालाविरुद्ध वर जाता येतं, आणि निकाल रक्कम सांगतो, पद निर्माण करत नाही. २००६ मध्ये कर्नाटकातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कार्यकर्ती या नागरी पदावर, म्हणजे सरकारी नोकरीच्या पदावर, नाहीत असं ठरवलं होतं. त्यांचं पद कुठल्या सेवानियमांखाली निर्माण झालेलं नाही, हे त्यातलं मुख्य कारण. २५ एप्रिल २०२२ ला न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने दाहोदच्या बहेनांच्या खटल्यात त्यांना ग्रॅच्युइटी लागू केली, तेव्हा आधार घेतला तो अन्न सुरक्षा कायदा २०१३ आणि शिक्षण हक्काचं तेच कलम ११ यांचा: ही माणसं कायद्याने सोपवलेलं काम करताहेत, स्वयंसेवा नव्हे. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की दिसतं, कामाला कायद्याचा आधार मिळाला की हक्क मिळतो. म्हणून ‘मानद वेतन वाढवा’ ही मागणी लिहूच नका. ‘पूर्वप्राथमिक शिक्षिका’ आणि ‘सहायक शिक्षिका’ ही पदं कायद्याने निर्माण करा, असं लिहा. मानद वेतन परिपत्रकाने वाढतं, परिपत्रकानेच गोठतं.

रुपयांत आकडाही कायद्यात घालू नका. २०१८ चे ४,५०० आज काय आहेत ते बाजारात जाणाऱ्या कुणालाही विचारा. वेतनश्रेणीला बांधा: ‘राज्याच्या प्राथमिक शिक्षकास त्या त्या वेळी लागू असलेल्या मूळ वेतनाच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा कमी नाही, अधिक महागाई भत्ता.’ टक्का किती यावर वाद घाला, पण दोरी तिकडेच बांधा. तुलना करायची तर एवढी पुरे: नव्याने लागलेल्या प्राथमिक विद्यासहायकाला (शिक्षकाला) इथे पहिली पाच वर्षं ठोक २६,००० मिळतात. २४,८०० मागणं म्हणजे आकाश मागणं नाही.

ग्रॅच्युइटीचा हिशेब बहेनांनी स्वतः करून बघावा, फार कमी जणींनी केलेला असतो. शेवटचं मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. २५ वर्षं नोकरी आणि १०,००० वर निवृत्ती झाली तर १,४४,२३१ रुपये. तेच २४,८०० वर ३,५७,६९२. रुजू झाल्याचा हुकूम जपून ठेवा. तो नसेल तर बाल विकास खात्याच्या घटक कचेरीतून सेवापत्रकाची नक्कल लेखी अर्ज करून घ्या, निवृत्तीच्या वर्षात नको, आत्ताच. जुन्या रजिस्टरांना वाळवी लागते आणि मग वीस वर्षांची बारा होतात.

आता ‘प्रत्येक मुलाला’ यातल्या प्रत्येकचा हिशेब. २०१३ च्या त्याच धोरणात ३ ते ६ च्या गटाला २० मुलांमागे एक मोठं माणूस आणि ३० मुलांमागे ३५ चौरस मीटरची खोली सांगितली आहे. ३५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ३७७ चौरस फूट. रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा या जुन्या भागांत भाड्याने मिळते ती दहा बाय बाराची खोली, १२० चौरस फूट. त्यातच शेगडी, धान्याच्या कोठ्या, वजनकाटा आणि कपाट. मुलं भिंतीला टेकून रांगेत बसलेली दिसली की लोक म्हणतात, बहेनला शिकवता येत नाही. अहो, मधे गोल करून बसवायला जमीनच नाही! जागेच्या मागणीत ‘भाडं वाढवा’ एवढंच लिहिलंत तर घरमालक खूश होईल. त्यापेक्षा नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या ज्या शाळांत पटसंख्या घटून वर्ग रिकामे आहेत ते आधी द्या, असं मागा. माहितीच्या अधिकारात शाळावार वर्गखोल्या आणि पट मागवा, तो तक्ता जोडा.

विस्तार कुठे हवा हेही दाखवा. जुन्या शहरात मुलं कमी होत चाललीत. २०२० मध्ये महापालिकेत आलेल्या भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया, वडदला या गावांकडे वस्ती वाढते आहे, बांधकामावरची मजूर कुटुंबं तिथे तंबूत असतात आणि त्यांची मुलं कुठल्याच बहेनच्या सर्व्हे रजिस्टरमध्ये नसतात. केंद्राच्या निकषात ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी बसते, ८०० ते १,६०० ला दोन. पण निकष लोकसंख्येवर चालतो आणि शेवटची जनगणना २०११ ची आहे. यावर उपाय एकच: घरोघर जाऊन यादी करा. घरक्रमांक, मुलाचं नाव, जन्मतारीख, सध्या कुठे जातं, पालकाची सही किंवा अंगठा. चाळीस नावं झाली की २००६ च्या आदेशाचा हवाला देऊन सीडीपीओकडे (बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे) अर्ज, आणि पोच घ्या. कायदा होईल तेव्हा होईल, हे आजच करता येतं. यादीत पाच वर्षांवरची मुलं मिसळू नका, ती बालवाटिकेची म्हणून वगळतात आणि चाळीसची एकोणचाळीस झाली की अर्ज परत येतो. पंचेचाळीस-पन्नास नावं धरून चला.

शिकवण्याचं काय? केंद्राच्या ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रमात (मे २०२३) रोज किमान दोन तास शिक्षणाला सांगितले आहेत आणि ३ ते ६ साठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आहे. अभ्यासक्रम चांगला आहे, मला त्यात खोट दिसत नाही. खोट घड्याळात आहे. बहेन आली, केंद्र उघडलं, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर हजेरी आणि फोटो. नेट अडकलं तर ती दारात उभी राहून मोबाइल आभाळाकडे धरते, आतली पंचवीस मुलं आपापली. मग नाश्ता. तेडागर स्वयंपाकाला लागली की मुलांजवळ एकटी बहेन, आणि त्यात तीन वर्षांचं रडणारं आणि साडेचारचं धावणारं एकत्र. महिन्याची वजनं-उंची घ्यायची असेल तर सकाळ गेली. बुधवारी ममता दिवस, नर्सबहेन लस घेऊन येते, म्हणजे गर्भवती आणि तान्ही मुलं. बालवाडी त्या दिवशी तेडागरवर. सेजाची (अंगणवाड्यांच्या गटाची) मीटिंग, निवडणुकीच्या याद्या हे वेगळंच. त्या दोन तासांतला एक तास जरी रोज नीट पार पडला तरी ते केंद्र चांगलं म्हणावं.

यावर कायद्यात दोन कलमं लागतात. शिक्षण हक्काच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्यांखेरीज बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. तेच संरक्षण इथे आणा आणि निवडणुकीच्या कामाला ‘बालवाडीच्या वेळेबाहेर’ ही अट जोडा. दुसरं, ज्या केंद्रात ३ ते ६ ची २० पेक्षा जास्त मुलं हजर असतात तिथे फक्त शिकवण्यासाठी दुसरी शिक्षिका. २४,८०० ने तिचा वर्षाचा खर्च २,९७,६०० होतो. सगळ्या ५३,००० केंद्रांत नेमली असं धरलं तर आणखी १,५७७ कोटी, प्रत्यक्षात कमी लागेल कारण कित्येक केंद्रांत हजेरी वीसच्या आतच असते. हे पाच वर्षांत टप्प्याने मागा, पटावर नाही, हजेरीवर. पटावर मागितलंत की पट फुगतो, हे सांगायला नको.

टप्प्याने म्हटलं की काहींना ते पळवाट वाटतं. बडोद्याच्या माणसाला तरी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेलीत करून पाहिलं आणि मग १९०६ मध्ये संस्थानभर नेलं.

प्रशिक्षणाबाबत एक सावधगिरी. २०२० च्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या कार्यकर्तींना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याखालच्यांना वर्षाची पदविका सांगितली आहे. कायद्यात पात्रता वाढवायची असेल तर त्याच कलमात, त्याच तारखेपासून पगारही वाढायला हवा. अमेरिकेत हेड स्टार्ट या गरीब मुलांसाठीच्या सरकारी बालवाडी कार्यक्रमाच्या २००७ च्या कायद्याने २०१३ पर्यंत निम्म्या शिक्षिकांना पदवी सक्तीची केली. पगाराची तजवीज त्या मानाने झाली नाही, आणि पदवी हातात आली की सरकारी शाळेत जास्त पगाराची जागा समोरच होती. आपल्याकडेही चांगली शिकलेली बहेन टेट (शिक्षक पात्रता परीक्षा) देऊन निघून जाईल, तिला दोष देता येणार नाही. तिथलीच उलट बाजू न्यू मेक्सिको राज्यात दिसते: नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून जमीन-तेलाच्या कायमस्वरूपी निधीतून दरवर्षी जादा १.२५ टक्के काढायला परवानगी दिली, आणि त्यातला मोठा हिस्सा बालशिक्षणाला. पैसा कुठून येणार हे कायद्यातच लिहिलं होतं. आपल्या निवेदनातही एक ओळ हवी: स्वतंत्र लेखाशीर्ष, आणि त्यातली रक्कम दुसरीकडे वळवता येणार नाही.

आता कागद कुठे आणि कधी. राज्याच्या तिजोरीतून खर्च करायला लावणारं विधेयक घटनेच्या कलम २०७(३) प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीखेरीज मंजूर होत नाही, म्हणजे व्यवहारात सरकारच्या संमतीखेरीज. त्यामुळे आमदारांच्या अशासकीय विधेयकावर सगळी भिस्त ठेवू नका. त्याने चर्चा होते, आणि तेवढंही काही कमी नाही. पण खरी वाट अर्थसंकल्पातल्या ‘नवीन बाबीं’ची, म्हणजे पहिल्यांदाच मांडलेल्या खर्चांची. अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि खात्यांचे प्रस्ताव त्याच्या कितीतरी महिने आधी तयार होतात. जानेवारीत दिलेलं निवेदन पुढच्या वर्षाच्या फायलीत जातं. दिवाळीच्या आधी द्या, एक प्रत आमदारांना, एक महिला व बाल विकास खात्याला, एक शिक्षण खात्याला. दोन खात्यांना वेगवेगळी निवेदनं देऊ नका, एकच मजकूर द्या आणि वर दोघांचीही नावं टाका, म्हणजे ‘हा विषय त्यांचा’ म्हणायला अडचण होते.

मजकूर गुजरातीत करा, मराठी प्रत आपल्या माणसांसाठी ठेवा. चार पानांच्या वर नको. आणि सोबत हे जोडा: मुलांची यादी, शाळांच्या रिकाम्या वर्गांचा तक्ता, वरचा खर्चाचा हिशेब, आणि एका कार्यकर्तीच्या आणि एका तेडागरच्या बँक पासबुकाच्या वर्षभराच्या पानांची झेरॉक्स, नाव आणि खाते क्रमांक झाकून. मानद वेतन कुठल्या तारखेला जमा झालं तो रकाना पेन्सिलने अधोरेखित करा.